खोलून बघण्याची मर्यादा : पाच हॉर्सपॉवर ते आठ हजार हॉर्सपॉवर

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पायऱ्या चढायला लागलं की नृसिंहवाडीत दोन प्रकारची धावपळ सुरू होते. देवळातली मंडळी दक्षिणद्वाराची वाट बघतात. म्हणजे पाणी उत्तरेच्या बाजूने आत शिरून, दत्ताच्या पादुकांवरून जाऊन, दक्षिणेच्या दाराने बाहेर पडण्याची. आणि शेतकरी नदीकाठच्या मोटारी काढायला पळतात. एक रात्र उशीर झाला तर मोटर गाळात.

माझ्या आजोबांच्या वेळी मोटर नव्हती, डिझेल इंजिन होतं. ते त्याला ‘इंजान’ म्हणायचे. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, बाजूला जड फ्लायव्हील. सुरू करायचं तर डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला गती द्यायची, आणि गती आली की खटका सोडायचा. मग ते एकदा खोकायचं, दुसऱ्यांदा धूर सोडायचं आणि तिसऱ्यांदा फट-फट-फट सुरू. पूर आला की तेच धूड बैलगाडीत घालून गावात आणायचं.

मी इंजिनिअरिंगला असताना आजोबांना एकदा विचारलं होतं, “आबा, तुम्ही हे दुरुस्त करायला कुठं शिकलात?”

“शिकायचं काय त्यात? खोललं की कळतंय,” ते म्हणाले. “खोलल्याबिगार कायबी कळत न्हाई बघ.”

हे वाक्य मला बरीच वर्षं पूर्ण खरं वाटत होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये एक बातमी वाचली आणि त्याच्या खरेपणाला एक हद्द आहे हे लक्षात आलं. बातमी अशी : २ एप्रिल २०२५ रोजी भारतीय नौदलाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या पुण्याच्या कंपनीशी ६ मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचं डिझाइन करून नमुना तयार करण्याचा करार केला. खर्च २७० कोटी रुपये, त्यातले ७० टक्के केंद्र सरकार देणार. निम्म्याहून जास्त भाग देशी असणार. सोबत ३ ते १० मेगावॉटच्या इंजिनांची सविस्तर डिझाइन्सही करायची आहेत.

६ मेगावॉट म्हणजे साधारण ८००० हॉर्सपॉवर. आजोबांची १६०० इंजिनं ओळीने नदीकाठी मांडली तर होईल तेवढी ताकद.

बातमीत अभिमान वाटण्यासारखं आहेच. पण मला आधी प्रश्न पडला : हे २०२५ मध्ये का? शेतातलं डिझेल इंजिन आपल्या भागात नव्वदेक वर्षांपूर्वीच बनायला लागलं होतं. मग मोठं इंजिन स्वतः आखायला एवढा वेळ का लागला?

आधी मोठं, मग छोटं

डिझेल इंजिनाच्या इतिहासात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं की आधी छोटं यंत्र बनतं, मग ते वाढवत नेतात. इथे उलट झालं.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये जे पहिलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं, ते माणसापेक्षा बरंच उंच होतं आणि ताकद होती जेमतेम २० हॉर्सपॉवर. कल्पना साधी होती. हवा इतकी दाबायची की ती ५०० अंशांच्याही पुढे तापेल. मग तिच्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेटतं. त्या चाचणीत इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्के उष्णतेचं काम झालं. वाफेची इंजिनं तेव्हा याच्या निम्म्यावरही क्वचितच पोचत.

पण इंधन सोडायचं कसं? आत प्रचंड दाब, त्याविरुद्ध तेल फवारायचं. डिझेलने त्यासाठी आणखी जास्त दाबाची हवा वापरली. म्हणजे इंजिनासोबत एक कॉम्प्रेसर आला. हा लवाजमा घेऊन इंजिन छोटं होणं शक्य नव्हतं. म्हणून डिझेल आधी कारखान्यात बसलं आणि मग जहाजात. १९१२ साली कोपनहेगनमध्ये बांधलेलं ‘सेलांडिया’ हे डिझेलवर महासागर ओलांडणारं पहिलं मोठं जहाज मानलं जातं. त्याला धुराडंच नव्हतं, त्यामुळे बंदरात लोक ते बघायला गर्दी करायचे. रुडॉल्फ डिझेल मात्र पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला.

इंजिन छोटं झालं ते इंधन पंपामुळे. १९२७ साली बॉश कंपनीने डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. बोटाएवढ्या प्लंजरने तेल थेट दाबून फवारता यायला लागलं, कॉम्प्रेसर गेला, आणि डिझेल ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये आणि शेवटी आमच्या नदीकाठी आलं.

म्हणजे युरोपात मोठ्याकडून छोट्याकडे प्रवास झाला. आपल्याकडे डिझेल पोचलं तेव्हा छोटं इंजिन तयार होतं. आपण तिथून सुरुवात केली.

नांगर, पंप, इंजिन

आपल्या भागातल्या या सुरुवातीत नांगर आहे. मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की सांगलीनंतर किर्लोस्करवाडी लागते. पूर्वी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी समजूत होती. पुढे तोच नांगर गावोगाव पोचला, आणि मग पंपही.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगरापासूनच सुरू झाला. भारतात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते १९३० च्या दशकातलं कूपर इंजिन. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आले होते.

कोल्हापूरचा मार्ग वेगळा. इथे डिग्रीवाले कमी, मिस्त्री जास्त. शहराला यंत्र खोलून बघायची सवय आधीपासून होती. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला होता. शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ऑइल इंजिनाचं तेच केलं : परदेशी इंजिन आणलं, खोललं, एकेका भागाचं लाकडी पॅटर्न बनवलं, ओतलं, लेथवर कातलं. गिऱ्हाईक दारातच होतं. पंचगंगेवर आणि कृष्णेवर बंधारे झाले, पाणी उन्हाळ्यापर्यंत नदीत राहू लागलं, आणि ते उचलून उसाला द्यायला इंजिन हवं होतं. राजापूर, शिरोळ, तेरवाड हे आमच्या आजूबाजूचे बंधारे ज्यांना माहीत आहेत, त्यांना उसाचं आणि इंजिनाचं नातं वेगळं सांगायला नको.

आजोबांचं ‘खोललं की कळतंय’ हे या सगळ्या उद्योगाचं सार होतं. आणि छोट्या इंजिनापुरतं ते खरंच होतं.

मोठं म्हणजे नुसतं मोठं नाही

आता एक हिशोब करू. शेतात गाजलेलं किर्लोस्करचं ‘एव्ही-वन’ इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ११० मिलिमीटर. आतली जागा अर्ध्या लिटरहून थोडी जास्त. ताकद ५ हॉर्सपॉवर.

दुसऱ्या बाजूला आयएनएस खुकरी घ्या. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही कॉर्व्हेट १९८९ साली नौदलात आली. तिच्यात दोन डिझेल इंजिनं होती, दोन्हींची मिळून ताकद सुमारे १४,४०० हॉर्सपॉवर. एकेका इंजिनाला १८ सिलिंडर, व्यास २८० मिलिमीटर, फेरा २९० मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरची जागा साधारण १८ लिटर आणि ताकद ४०० हॉर्सपॉवर.

तुलना करा. जागा वाढली ३२ पट, ताकद वाढली ८० पट. आणि हे इंजिन शेतातल्या इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांवर चालतं. म्हणजे नुसता आकार वाढवून हे साधलेलं नाही. प्रत्येक स्फोटात, तेवढ्याच जागेत, तिपटीहून जास्त काम काढलेलं आहे. ते होतं टर्बोचार्जरमुळे. बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं, त्याने आत येणारी हवा कोंबायची, ती गार करायची, म्हणजे तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि जास्त इंधन मावतं.

आणि इथेच अडचणी सुरू होतात. पहिली उष्णतेची. सिलिंडर मोठा केला की आत जळणाऱ्या इंधनाचं प्रमाण घनफळाने वाढतं, पण उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग त्या मानाने कमी वाढतो. मोठी इडली मधून लवकर गार होत नाही, तसं. पिस्टनच्या माथ्याला आतून तेल खेळवून गार ठेवावं लागतं. किती तेल, कुठल्या वाटेने, माथ्याची जाडी किती, हे चुकलं तर पिस्टन तडकतो.

दुसरी अडचण पिळाची. एकापाठोपाठ १८ सिलिंडर एका क्रँकशाफ्टला धक्के देतात तेव्हा तो भरीव पोलादी दांडा रबरासारखा पिळतो आणि सुटतो. झोक्याला बरोबर वेळेला धक्का दिला की झोका वाढत जातो, तसं ठरावीक गतीला हे पिळणं वाढत जाऊन दांडा मोडू शकतो. ती गती टाळायची, किंवा डँपर बसवून पिळ मारायचा. एका सिलिंडरच्या इंजिनात हा प्रश्न जवळजवळ नाहीच.

मोठं इंजिन खोलून तुम्हाला पिस्टनची जाडी मोजता येते. ती जाडी तेवढीच का, हे मोजपट्टीवर दिसत नाही. त्या ‘का’च्या मागे टेस्ट बेडवर मोडलेले कित्येक पिस्टन असतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी ३७ सेकंदांचा टाइमआउट सापडला. कमेंट नाही, कारण नाही. मला तो विचित्र वाटला, मी ३० केला. टेस्ट सगळ्या पास झाल्या. महिनाअखेरीला लोड वाढला आणि सिस्टीम बसली. ३७ मागे कुणाचा तरी एक वाईट दिवस होता. तो आकडा माझ्याकडे होता, तो दिवस माझ्याकडे नव्हता.

लायसन्सवर चाललेली गाडी

खुकरीची ती इंजिनं कुठली? मूळ डिझाइन पिल्स्टिक या फ्रेंच कंपनीचं, आणि लायसन्स घेऊन बनवणारी कंपनी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. म्हणजे २०२५ मध्ये जी कंपनी ८००० हॉर्सपॉवरचं इंजिन आखायला निघाली आहे, तिच्याच नावाची ७००० हॉर्सपॉवरची इंजिनं १९८९ मध्ये युद्धनौकेत बसली होती. आकारात फार फरक नाही. जोडायला, बसवायला, दुरुस्त करायला आपण तेव्हाही समर्थ होतो. फरक एवढाच की ड्रॉइंग दुसऱ्याचं होतं.

आपल्या इतर मोठ्या डिझेलचीही हीच कथा. पुण्यात ‘कमिन्स’ म्हटलं की माझ्या पिढीला आधी मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. पण १९६२ साली कोथरूडला सुरू झालेला किर्लोस्कर-कमिन्स हा कारखाना जनरेटर, खाणी, बांधकामाची अवजड यंत्रं यांच्यासाठी मोठी डिझेल इंजिनं बनवत आला. ३८ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन कोथरूडला बनलं, डिझाइन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं. पुढे कंपनीच्या नावातून किर्लोस्कर गळालं आणि कमिन्स उरलं.

रेल्वेची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि ती सांगायला हवी, नाहीतर चित्र एकतर्फी होईल.

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ सालची, शाहू महाराजांच्या काळातली, मीटर गेजची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रॉडगेज झाली. पुढची कितीतरी वर्षं मुंबईहून येणाऱ्या गाडीचं इंजिन पुण्यात बदलायचं. पुण्यापर्यंत वीज, पुढे डिझेल. आम्ही जयसिंगपूर स्टेशनवर उभे असायचो तेव्हा गाडी दिसायच्या आधी तो घोगरा, खालून छातीत शिरणारा आवाज यायचा. तो अमेरिकेतल्या ‘अल्को’ कंपनीच्या १६ सिलिंडरच्या २५१ इंजिनाचा आवाज होता.

डिझेल लोकोमोटिव्ह हे खरं तर चाकांवरचं वीजघर असतं. डिझेल इंजिन शून्य गतीला जोर देऊ शकत नाही, म्हणून ते आधी वीज बनवतं आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात. अल्कोकडून डब्ल्यूडीएम-२ हे २६०० हॉर्सपॉवरचं इंजिन १९६२ मध्ये आलं. वाराणसीच्या कारखान्यात बनलेलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. आणि १९६९ मध्ये खुद्द अल्कोनेच लोकोमोटिव्ह बनवणं बंद केलं.

मालक गेला, ड्रॉइंग आपल्याकडे राहिलं. पुढे वाराणसीत असली अडीच हजारांच्या वर इंजिनं बनली. सुधारणा करायच्या तर विचारायला मूळ कंपनी नव्हती. लखनऊच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने टेस्ट बेडवर इंजिन चढवलं. टर्बोचार्जर बदलला, इंधन पंप बदलला, कॅमशाफ्ट बदलला. १९९० च्या दशकात त्याच १६ सिलिंडरमधून ३१०० हॉर्सपॉवर निघाली, नंतर ३३००. हे खोलून कळलेलं नव्हतं. चालवून, मोडून, पुन्हा चालवून कळलेलं होतं.

मग काय झालं? १९९० च्या दशकाच्या अखेरीला आपण अमेरिकेतल्याच दुसऱ्या कंपनीचं, ईएमडीचं, ४००० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. इंजिन उत्तम होतं, घेण्याची कारणंही पटण्यासारखी होती. पण चाळीस वर्षांत एका इंजिनाविषयी जे ‘का’ गोळा झालं होतं, त्यातून स्वतःचं पुढचं इंजिन जन्मलं नाही. नव्या लायसन्ससोबत नव्याने शिकणं सुरू झालं. आज बिहारमधल्या मढौरा इथे वॅबटेकच्या कारखान्यात ४५०० हॉर्सपॉवरची डिझेल लोकोमोटिव्ह बनतात, २०२५ पासून आफ्रिकेतल्या गिनीलाही जायला लागली आहेत. बनवतात आपली माणसं, आराखडा त्यांचा.

आता कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. रेल्वेमार्गांचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण होत आलं, आमच्या मार्गावरही वरून तारा गेल्या. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ शब्द २०२० मध्ये गेला. आजोबांच्या इंजिनाच्या जागी कधीच मोटर आली. मग डिझेल शिकायची ही वेळ आहे का?

रुळाला तार जोडता येते, समुद्रातल्या जहाजाला येत नाही. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव युनिटच्या आसपास. इंजिनात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते हे धरलं तरी अंतर मोठंच आहे. २००६ साली ‘एम्मा मार्स्क’ या कंटेनर जहाजात बसलेलं १४ सिलिंडरचं इंजिन २३०० टनांचं होतं आणि एक लाखाच्या वर हॉर्सपॉवर देत होतं. उद्या जहाजं डिझेलऐवजी मिथेनॉल किंवा अमोनियावर चालली तरी जाळायला पिस्टन, सिलिंडर, क्रँकशाफ्ट लागणारच. इंधन बदलेल तेव्हा इंजिनात काय बदलायचं हे त्यालाच कळेल, ज्याला आधीचं ‘का’ माहीत आहे.

युद्धनौकेबाबत तर हे आणखी सरळ आहे. ज्याचं ड्रॉइंग त्याच्याकडून सुटे भाग, आणि तो देईल तेव्हा. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात नौदलाच्या तुकड्या बोटी घेऊन आल्या होत्या. समुद्र इथून घाटापलीकडे, तरी त्या दिवसांत नौदल आम्हाला फार दूरचं वाटलं नाही. त्यांच्या जहाजाचं हृदय कुणाच्या मर्जीवर चालतं हा प्रश्न म्हणूनच मला परका वाटत नाही.

कोल्हापूरकडे यातलं बरंच काही आहे. इथल्या फाउंड्रींमध्ये सिलिंडर हेड आणि ब्लॉक ओतले जातात, पिस्टन बनतात. खुद्द किर्लोस्करचा इंजिनांचा कारखाना कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. सांगितलेला भाग सांगितलेल्या मापात बनवून देण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण माप सांगणारा मात्र नेहमी दुसरा असतो.

म्हणून त्या ६ मेगावॉटच्या इंजिनाबद्दल माझी एक इच्छा आहे, जरा विचित्र वाटेल अशी. पहिला नमुना टेस्ट बेडवर मोडावा. एखादा पिस्टन तडकावा, क्रँकशाफ्टचा पिळ अंदाजापेक्षा जास्त निघावा, आणि हे समुद्रात नाही, तिथेच, मोजमापं लावलेली असताना व्हावं. त्यावर कुणी घाबरून प्रकल्प गुंडाळू नये, पेपरांनी ‘देशी इंजिन फेल’ असा मथळा देऊ नये. का मोडलं ते कुणीतरी नीट लिहून ठेवावं. ती वही कुठल्याही लायसन्ससोबत मिळत नाही.

आबांचं म्हणणं मी खोडत नाही, त्यात थोडी भर घालतो. खोललं की कसं चालतं ते कळतं. का चालतं ते मोडल्यावर कळतं, आणि मोडलेलं आपलं असेल तरच.